अपूर्ण पत्ता

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या कोडचा मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम करून देणारा प्रोग्राम. तो सोर्सपासून, म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून, बिल्ड करायची वेळ माणसावर का येते ते आधी सांगून टाकतो, कारण बायकोनेही तेव्हा हेच विचारलं होतं, की रेडिमेड मिळत नाही का. मिळतो ना. एरवी एक कमांड मारली की दोन मिनिटांत येऊन बसतो. पण २०१६ मध्ये आमच्या टीमला ज्या सर्व्हरवर काम करायचं होतं तो क्लायंटचा, त्यावर सेंटओएस ६ ही लिनक्स सिस्टिम, आणि त्यातला कंपायलर, जीसीसी, होता ४.४.७. आमचा कोड नव्या सी प्लस प्लसमधला, त्यातलं निम्मं त्या जुन्या कंपायलरला समजतच नव्हतं. मशीनवर रूट, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, नाही, इंटरनेट नाही, एखादी फाइल आत न्यायची तर फॉर्म भरायचा, दोन साहेबांचं अप्रूव्हल घ्यायचं आणि मग संध्याकाळपर्यंत ती एका फोल्डरमध्ये उगवायची. नवीन पॅकेज टाकून द्या म्हटलं तर उत्तर आलं की चेंज रिक्वेस्ट टाका, पुढच्या महिन्याच्या मीटिंगला घेऊ. मग मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, तू आपल्या होम फोल्डरमध्ये बिल्ड करून टाक ना, दोन दिवसांचं काम आहे. नऊ दिवस लागले.

जीसीसी ५.४ जून २०१६ मध्येच आला होता, तो घ्यायचा ठरला. जीसीसीला स्वतःला बिल्ड व्हायला तीन लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, लागतात, जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी. तिन्ही आकडेमोडीच्या. तुम्ही कोडमध्ये एखादा दशांश अपूर्णांक लिहिता त्याची किंमत कंपायलर कंपाइल करतानाच अचूक काढून ठेवतो, त्यासाठी ह्या. सोर्सबरोबर एक छोटी स्क्रिप्ट मिळते, ती चालवली की तिन्ही आपोआप डाउनलोड होऊन योग्य जागी बसतात आणि सगळ्यांबरोबर बिल्ड होतात. शहाणी माणसं हेच करतात. पण आमच्याकडे इंटरनेट नाही, त्यामुळे ती स्क्रिप्ट बाद. त्याच लायब्ऱ्या हाताने सोर्सच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवल्या असत्या तरी चाललं असतं, हे मला पाचव्या दिवशी कळलं. तोवर मी एकेक लायब्ररी वेगळी बिल्ड करायचा मार्ग धरला होता, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका निर्णयाचं.

पहिली जीएमपी. कॉन्फिगर, म्हणजे बिल्डच्या आधी मशीन तपासून तयारी करणारी स्क्रिप्ट, चालवलं, मोठ्या हौशीने प्रीफिक्समध्ये, म्हणजे कुठे बसवायचं त्या पत्त्यात, तिल्डा (~) टाकून, म्हणजे माझ्या घरातलं लोकल नावाचं फोल्डर. लगेच उत्तर, एक्स्पेक्टेड ॲन ॲब्सोल्यूट डिरेक्टरी नेम. तिल्डा म्हणजे माझं घर हे शेलला, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला, माहीत असतं, पण बरोबरच्या चिन्हाला चिकटून आलेला तिल्डा आमचा शेल, बॅश, उलगडत नाही, तसाच पुढे ढकलतो, आणि कॉन्फिगर म्हणतं हे काय, पूर्ण पत्ता दे. दिला. मग म्हणालं एम४ नावाचं टूल नाहीये, पाथमध्येही, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीतही, नाही आणि /यूएसआर/५बिन मध्येही नाही. हे ५बिन काय प्रकरण आहे म्हणून मी नंतर मुद्दाम शोधलं, तर जुन्या सनओएसवर सिस्टिम फाइव्ह युनिक्सची टूल्स ह्या फोल्डरमध्ये असायची. म्हणजे ती मशिनं भंगारात गेली, ती कंपनीसुद्धा विकली गेली, आणि ही स्क्रिप्ट अजून त्या दारावर टकटक करून बघते, कोणी आहे का. मला ते वाचून उगाच भरून आलं. एम४ साठी पुन्हा फॉर्म, पुन्हा दोन अप्रूव्हल, एक दिवस गेला.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते, आरएमएस, सॉर्टिंगला. आमच्या लहानपणी रात्रपाळीला जायचे आणि सकाळी शाईचे हात घेऊन यायचे. लाकडी खणांची भिंत असायची म्हणे, एकेक खण एकेका ठिकाणाचा, आणि हातातल्या गठ्ठ्यातलं पत्र न बघता त्या त्या खणात जाऊन पडायचं. घरी कोणाचंही पत्र टाकायचं असलं की ते आधी बाबांच्या हातात जायचं आणि ते पत्ता वाचून मान हलवायचे, की वडगाव म्हणजे कुठलं वडगाव? मावळ, शेरी, बुद्रुक, का निंबाळकर? मारुतीच्या देवळामागे लिहिलंय, कुठला मारुती? पुण्यात मारुती किती आहेत माहितीये? आई वैतागायची, अहो पोस्टमनला माहीत असतं. बाबा म्हणायचे, पोस्टमनला माहीत असतं गं, पण पत्र पोस्टमनपर्यंत पोचायला तर पाहिजे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे बाबांचं दैवत. मराठी माणूस, दळणवळण खात्यात मोठा अधिकारी आणि वर संस्कृत कवी. सारख्या नावाची गावं, दहा भाषा, दहा लिप्या आणि अर्धवट पत्ते, ह्या सगळ्यावर सहा आकड्यांचा उतारा. पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेशाकडचा भाग, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, पुण्याचं ४११, आणि शेवटचे तीन नेमक्या पोस्ट ऑफिसचे. बाबा सांगायचे की ह्या माणसाने सॉर्टरला भाषा न येता पत्र वाचता येईल असं केलं. मी तेव्हा ऐकून सोडून द्यायचो. फाइल सिस्टिमचा पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, अगदी ह्याच पद्धतीने डावीकडून उजवीकडे वाचतात हे मला कॉलेजात जाऊनही सुचलं नाही, सुचलं ते त्या सर्व्हरवर डोकं आपटताना.

तर तिन्ही लायब्ऱ्या झाल्या, घरच्या लोकल फोल्डरमध्ये नीट बसल्या, मी स्वतः बघितल्या, फाइल्स होत्या. आता जीसीसीचं कॉन्फिगर. तिथे विथ-जीएमपी, विथ-एमपीएफआर, विथ-एमपीसी असे तीन ऑप्शन द्यायचे, म्हणजे ह्या लायब्ऱ्या कुठे राहतात ते सांगायचं. सांगितलं. तर म्हणे, बिल्डिंग जीसीसी रिक्वायर्स जीएमपी ४.२ प्लस, एमपीएफआर २.४.० प्लस ॲण्ड एमपीसी ०.८.० प्लस. अरे पण आहेत ना! माझ्याकडे त्याहून कितीतरी नव्या आहेत. मी व्हर्जन बघितली, परत इन्स्टॉल केल्या, परमिशन बघितल्या, शेजारच्या मुलाला बोलावून दाखवलं, तोही म्हणाला आहेत की. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मी पूर्ण अडीच तास घातला.

शेवटी कॉन्फिग डॉट लॉग उघडला. ही फाइल कोणी उघडत नाही, कारण ती प्रचंड लांब असते आणि तिच्यात हजार चाचण्यांचा कचरा असतो, त्यातल्या शेकडो मुद्दामच फेल होणाऱ्या. पण जीएमपी शोधत खाली गेलो तर कॉन्फिगरने स्वतः चालवलेली कमांड तिथे जशीच्या तशी लिहून ठेवली होती, आणि त्यात हेडर, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइल्स, शोधायची जागा होती /होम/मी/लोकल/लिब/इन्क्लूड. लिबच्या आत इन्क्लूड? असं फोल्डर जगात कुठे असतं? आणि ट्यूब पेटली. मी ऑप्शनमध्ये लोकल/लिब असं दिलं होतं, कारण लायब्ररी लिबमध्ये आहे. त्याला हवं होतं नुसतं लोकल. घराचा पत्ता दे, आतल्या खोल्या माझ्या मी शोधतो, एक इन्क्लूड आणि एक लिब, असा त्याचा हिशोब, आणि मी त्याला थेट बेडरूमचा पत्ता दिला होता. तो बिचारा बेडरूममध्ये जाऊन स्वयंपाकघर शोधत होता.

मधे एक गंमत. त्याच कॉन्फिगरने एकदा मला म्हटलं, आय सस्पेक्ट युअर सिस्टिम डझ नॉट हॅव ३२-बिट डेव्हलपमेंट लायब्ररीज, आणि पुढे स्वच्छ सांगितलं की त्या असतील तर हा ऑप्शन दे, नसतील आणि फक्त ६४-बिटचं काम असेल तर मल्टिलिब, म्हणजे ३२ आणि ६४ दोन्हींचं बिल्ड, बंद करणारा तो ऑप्शन दे. दिला, काम झालं, वीस सेकंद. मी खुर्चीत मागे टेकून ती ओळ दोनदा वाचली. मला संशय येतोय, असं म्हणणारी एरर! ज्याने ती लिहिली त्याला मी मनातल्या मनात चहा पाजला. बाकीच्या एरर म्हणजे सदाशिव पेठेतल्या दुपारच्या दुकानदारासारख्या, विचारलं तेवढंच उत्तर आणि तेही तुमच्याकडे न बघता.

मग मेक, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड. आता कंपायलर कसा बनतो ते थोडक्यात, कारण पुढचा घोळ त्याशिवाय कळणार नाही. दही लावायला जसं विरजण लागतं तसा कंपायलर बनवायला आधी कंपायलर लागतो. आधी मशीनवरच्या जुन्या जीसीसीने नवा जीसीसी कंपाइल होतो, ती स्टेज वन, म्हणजे शेजारणीच्या विरजणाचं दही. मग त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा कंपाइल करायचं, स्टेज टू. आणि मग त्या दुसऱ्याने तिसऱ्यांदा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइल्स, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या फाइल्स, जुळल्या तर समजायचं की शेजारणीची चव गेली, आता हे आपलं दही. आयआयटी बॉम्बेमध्ये उदय खेडकर सरांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या वर्कशॉप व्हायच्या, आमचा एक सीनियर तिथे जाऊन आला होता, हे सगळं पहिल्यांदा त्याच्या तोंडून कॅंटीनमध्ये टिश्यू पेपरवर ऐकलं होतं. तो टिश्यू पेपर जपून ठेवायला हवा होता.

स्टेज वनला चाळीसेक मिनिटं झाली, स्क्रीनवर ओळी पळतायत, मी खूश, डबा खाऊन आलो. आलो तर मेक थांबलेलं आणि शेवटची ओळ, कॉन्फिगर एरर, कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स, कॅनॉट कंपाइल.

ऑब्जेक्ट फाइलचा सफिक्स! म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी जो ओ लागतो, तो कोणता लागतो हे त्याला काढता येईना. मी हसलोच. मग पुढचा दीड दिवस मी खरोखर सफिक्सच्या मागे होतो. फाइल सिस्टिम तपासली, डिस्क भरलीये का बघितलं, लोकेल सेटिंग बदललं, एकाने सांगितलं म्हणून मशीनची तारीखसुद्धा तपासली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शनिवारी घरी होतो, बाबा गॅलरीत बसले होते, त्यांना सहज म्हटलं, असं असं झालंय, चूक एकीकडे आणि ओरड दुसरीकडेच. त्यांना कंपायलर म्हणजे काय ते सांगायच्या फंदात मी पडलो नाही. ते म्हणाले, मिससेंट. म्हणजे? म्हणजे नागपूरहून वडगाव निंबाळकरला निघालेलं पत्र वडगाव शेरीला येऊन पडतं, तिथला पोस्टमन दारोदार फिरतो आणि शेवटी शेरा मारतो, असा इसम इथे राहत नाही. तो खरंच बोलतोय. पण चूक त्याची नाही आणि त्या इसमाचीही नाही. मग तुम्ही काय करायचा, मी विचारलं. म्हणाले, पाकीट उलटं करायचं आणि शिक्के बघायचे, पहिल्यापासून. जिथे पहिला नको तो शिक्का दिसला, त्याच्या आधीच्या माणसाला विचारायचं.

सोमवारी जाऊन शिक्के बघितले. आणि इथे मला एक गोष्ट कळली जी आधीच कळायला हवी होती, की कॉन्फिग डॉट लॉग एक नसतो. बिल्डच्या प्रत्येक पोटफोल्डरचा आपापला असतो. मी दीड दिवस सगळ्यात वरचा वाचत होतो, आणि तो तर केव्हाच पास झालेला, त्यात काही सापडणारच नव्हतं. ओरड करत होतं लिबजीसीसीचं, म्हणजे जीसीसीच्या स्वतःच्याच एका लायब्ररीचं, कॉन्फिगर, त्याचा लॉग मशीनच्या लांबलचक नावाच्या फोल्डरमध्ये, एक्स८६_६४ वगैरे, त्याच्या आत लिबजीसीसी, त्याच्या आत. उघडला, आणि तळापासून वर न येता वरून खाली वाचत गेलो. तर कॅनॉट कंप्यूट सफिक्सच्या आधी, बरीच आधी, एक साधी ओळ होती, सीसी१ ची, म्हणजे खुद्द कंपायलरची. सीसी१, एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज, लिबएमपीसी डॉट एसओ डॉट ३, कॅनॉट ओपन, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.

झालं होतं असं. स्टेज वनचा कंपायलर बनला, व्यवस्थित बनला. मग लिबजीसीसीच्या कॉन्फिगरने त्याला पहिलं काम दिलं, की एक रिकामी फाइल कंपाइल करून दाखव म्हणजे मी बघतो तिच्या नावाला शेवटी काय लागतं. कंपायलर उठायला गेला आणि त्याला एमपीसी सापडेना. बिल्ड करताना विथ-एमपीसी ऑप्शनने पत्ता दिला होता, पण तो बांधकामापुरता. प्रोग्राम प्रत्यक्ष चालताना शेअर्ड लायब्ररी शोधणारा लोडर हा वेगळा माणूस, त्याची स्वतःची यादी असते, आणि त्या यादीत माझ्या घरातलं लोकल/लिब नव्हतं. म्हणून कंपायलर जागीच पडला, फाइल बनली नाही, फाइल नाही म्हणून सफिक्स नाही, आणि वरच्या साहेबांना रिपोर्ट काय गेला, तर सफिक्स काढता आला नाही. खोटं कोणीच बोललं नाही.

उपाय माहितीतला. एलडी लायब्ररी पाथ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, जे लोडर वाचतो, आपलं लिब फोल्डर घालायचं. मी उत्साहाच्या भरात लायब्ररी पाथ नावाच्या दुसऱ्या व्हेरिएबलमध्येही घातलं, जे लिंकिंगच्या, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम बनवायच्या, वेळी लागतं, गरज नव्हती पण म्हटलं असू दे. लिहिलं कसं तर जसं सगळे लिहितात, माझं फोल्डर, मग कोलन, मग व्हेरिएबलची जुनी किंमत, म्हणजे आधीचं पुसलं जाणार नाही. जुनं बिल्ड फोल्डर पूर्ण उडवलं, कारण जुन्या कॉन्फिगरचे अवशेष तिथे चिकटून राहतात आणि नवे पत्ते कोणी ऐकत नाही, एवढं शहाणपण तोवर आलं होतं. सोर्सच्या बाहेर नवीन रिकामं फोल्डर केलं, कॉन्फिगर, मेक. आणि थोड्या वेळाने, लायब्ररी पाथ शुडन्ट कंटेन द करंट डिरेक्टरी व्हेन बिल्डिंग जीसीसी.

करंट डिरेक्टरी? मी कुठे घातली? व्हेरिएबल छापून बघितलं. /होम/मी/लोकल/लिब आणि शेवटी एक कोलन. पुढे काही नाही. जुनी किंमत रिकामी होती ना, त्यामुळे कोलननंतर काहीच आलं नाही. आणि युनिक्सच्या ह्या याद्यांमध्ये रिकाम्या जागेला अर्थ असतो, रिकामी जागा म्हणजे आत्ता तू जिथे उभा आहेस ते फोल्डर. काही न लिहिणं म्हणजे इथेच, असं त्यांनी फार पूर्वी ठरवून ठेवलंय. मी त्या शेवटच्या कोलनकडे बराच वेळ बघत बसलो, दोन टिंबं, एकावर एक. बॅकस्पेसचं बटण एकदा दाबलं. नऊ दिवसांतलं सगळ्यात छोटं काम ते.

त्या रात्री मेक लावून घरी गेलो. सकाळी आलो तर तिन्ही स्टेज झालेल्या, कंपॅरिझन सक्सेसफुल लिहिलेलं. इन्स्टॉल केलं, आमचा कोड कंपाइल केला, एकही एरर नाही. चालवला. जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.२१ नॉट फाउंड.

ह्या वेळी मात्र मी पंधरा मिनिटांत पोचलो. आमचा प्रोग्राम नव्या कंपायलरने बनवलेला, त्याला सी प्लस प्लसची नवी लायब्ररी हवी, आणि लोडर जाऊन सिस्टिमची जुनी घेऊन आला. मी म्हटलं पण एलडी लायब्ररी पाथमध्ये मी नवा लिब घातलाय की. घातला होता, जीसीसीच्या फोल्डरमधला लिब. पण ६४-बिट मशीनवर ती लायब्ररी जाऊन बसते शेजारच्या लिब६४ मध्ये. एकाच गावचे खुर्द आणि बुद्रुक. बाबा उगाच नाही विचारायचे कुठलं वडगाव म्हणून. मग दरवेळी व्हेरिएबल सेट करायला लोक विसरतील, म्हणून मी तो लिब६४ चा पूर्ण पत्ता आरपाथ म्हणून प्रोग्रामच्या पोटातच लिहून टाकला. घरच्या फोल्डरचा. तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं.

२०१८ मध्ये मी ती कंपनी सोडली. दोन वर्षांनी, सेंटओएस ६ चा सपोर्ट संपायच्या सुमारास, तिथल्या एका नव्या मुलाचा फोन आला, नंबर कुठून मिळवला कोण जाणे. सर, आमचा एक प्रोग्राम काल रात्रीपासून चालत नाहीये, जीएलआयबीसीएक्सएक्स असं काहीतरी म्हणतोय. मी विचारलं, काल रात्री काय झालं? म्हणाला काही नाही, सोडून गेलेल्या लोकांची होम फोल्डर्स आर्काइव्हला हलवली. मी म्हटलं, कंपायलर त्याच आर्काइव्हमध्ये असेल, तिथे जाऊन जीसीसीला डॅश व्ही देऊन बघ. त्याने दिलं. कन्फिगर्ड विथ अशी ओळ आली, जी कंपायलर जन्मभर बरोबर घेऊन फिरतो, आणि त्या ओळीतला प्रीफिक्स त्याने मला फोनवर वाचून दाखवला. मग थांबून म्हणाला, सर, हे तुमचं नाव आहे का?

त्याला म्हटलं, ॲडमिनला सांग, जुन्या जागी एक सिम्लिंक टाकायला, नव्या जागेकडे बोट दाखवणारी. पाच मिनिटांत परत फोन आला, चाललं म्हणून.

बाबा समोर पेपर वाचत होते. कोणाचा फोन, त्यांनी विचारलं. म्हटलं, जुना पत्ता होता, लोक अजून तिथेच येत होते, रिडायरेक्ट करायला सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अर्ज लेखी घेतलास का?"